हायड्रॉक्सिक्लोरोक्विन: डोस आदर्श वजनावर की काट्यावरच्या?

दुसऱ्या महायुद्धात हिवताप टाळण्यासाठी मेपाक्रिन घेणाऱ्या सैनिकांचे चट्टे आणि सांधेदुखी कमी झाल्याचं दिसलं आणि हिवतापाची ही औषधं त्वचाविकारांकडे वळली. १९५९ मध्ये क्लोरोक्विनमुळे डोळ्याचा पडदा खराब होतो हे छापून आलं. मग त्याच जातीचं, त्यातल्या त्यात सौम्य म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असा आजार) आणि संधिवातासाठी रुळलं. कॉर्नियावर (बुबुळापुढच्या पारदर्शक भागावर) साचणारे कण औषध थांबवल्यावर जातात; पडद्याचं नुकसान भरून येत नाही, उलट गोळी बंद केल्यावरही वाढू शकतं.

वाद आहे तो डोसाचा. जुना नियम उंचीवरून काढलेल्या आदर्श वजनाचा होता: किलोमागे रोज ६.५ मिलिग्रॅम. औषध चरबीत फारसं साठत नाही, असा त्यामागचा हिशोब. २०१४ मध्ये पाच वर्षांहून जास्त काळ गोळी घेतलेल्या २,३६१ रुग्णांची पाहणी आली आणि पडद्याच्या इजेचा धोका काट्यावरच्या वजनाशी जास्त जुळला. किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत डोस असेल तर पहिल्या दहा वर्षांत धोका २ टक्क्यांच्या आत, वीस वर्षांनंतर मात्र २० टक्क्यांच्या जवळ. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या शिफारशींनी हीच मर्यादा धरली.

यात सगळ्यात जास्त फरक पडतो तो किरकोळ बांध्याच्या बाईला. उंची १६० सेंटिमीटर, वजन ४० किलो: जुन्या नियमाने सुमारे ३४० मिलिग्रॅम, नव्याने २००. म्हणजे सवयीने लिहिलेली ‘२०० ची गोळी दोनदा’ तिला थेट दुप्पट होते. ६० किलोला ३०० बसतात. ३०० ची गोळी न मिळाल्यास एक दिवस २००, एक दिवस ४००. गोळी अर्धी करत बसायची गरज नाही, औषध शरीरात इतकं रेंगाळतं की सरासरी पुरते.

डोस उतरवला की ल्युपस उसळतो, ही त्वचा आणि संधिवाताच्या डॉक्टरांची तक्रार. तीही पोकळ नाही, कमी डोसावर उसळी जास्त दिसल्याच्या नोंदी आहेत. तरी सरसकट ४०० लिहिण्याला ती सबब होत नाही.

तपासणीचे नियमही बदलले. जाळीदार अ‍ॅम्सलर तक्ता आणि रंगदृष्टीची चाचणी आता चाळणी म्हणून पुरेशी धरत नाहीत; ओसीटी (पडद्याचे थर दाखवणारं स्कॅन) आणि दृष्टिक्षेत्राची चाचणी लागते, पाच वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरचं औषध) चालू असेल तर त्याआधीच. आशियाई रुग्णांत इजा बऱ्याचदा मध्यबिंदूपासून लांब सुरू होते, त्यामुळे दृष्टिक्षेत्राचा फक्त मधला भाग तपासणाऱ्या १०-२ चाचणीत ती निसटते. जास्त रुंद भाग तपासणारी २४-२ किंवा ३०-२ सुद्धा करावी.

भारतात २०१४ पासून हीच गोळी टाइप २ मधुमेहासाठीही मान्य आहे, तीही ४०० मिलिग्रॅमने. मूत्रपिंड आणि पडदा दोन्ही आधीच धोक्यात असलेले रुग्ण नेमके तिथेच भेटतात.