एमएच १३, ८१९१

शेजारच्या काकांनी नवी स्कूटर घेतली आणि नंबरासाठी अडून बसले. अंकांची बेरीज ९ यायला हवी म्हणे. मी ८१९१ सुचवला. त्यांनी बोटांवर मोजलं: एकोणीस, मग दहा, मग एक. "नको रे, आधीच पुढे तेरा आहे." सगळं सोलापूर एमएच १३ लावून फिरतं, तरी तेराव्याची धास्ती काही जात नाही.

मला मात्र तो तेराच हवा होता. २ चा १३वा घात ८१९२. त्यातून १ काढला की ८१९१, आणि ही मूळ संख्या आहे. अशा मूळ संख्यांना मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूचं नाव आहे. घातांक मूळ असला की काम झालं, असं मात्र नाही. ११ घेतला तर २०४७ मिळते, ती २३ गुणिले ८९.

मग ओळखायचं कसं? लुकास आणि लेमर या गणितज्ञांची परीक्षा माझी फार लाडकी. ४ घ्या. वर्ग करा, २ वजा करा, ८१९१ ने भागून बाकी ठेवा. त्या बाकीचं पुन्हा तेच; मागावरच्या धोट्यासारखं, इकडून तिकडे. १३ साठी अकरा फेऱ्या: १४, १९४, ४८७०, ३९५३, ५९७०, १८५७, ३६, १२९४, ३४७०, १२८, आणि शेवटी ०. शून्य आलं की संख्या मूळ, नाही तर नाही.

गंमत अशी की यात खरा भागाकार लागतच नाही. १९४ चा वर्ग वजा २ म्हणजे ३७६३४. त्यात ८१९२ चार वेळा बसतात, वर ४८६६ उरतात. प्रत्येक ८१९२ मागे १ शिल्लक राहतो, म्हणून ४८६६ अधिक ४, झाले ४८७०. संगणक द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलेल्या संख्येत, नुसते शेवटचे तेरा अंक तोडतो आणि उरलेले त्यात मिळवतो.

काकाही नकळत हेच करत होते. १० म्हणजे ९ अधिक १, म्हणून अंकांची बेरीज म्हणजे ९ ने भागल्यावरची बाकी. बेरीज ९ आली की संख्येला ९ ने भाग जातो. त्यांच्या शुभ नंबरांत एकही मूळ संख्या सापडायची नाही!

ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांना सापडलेल्या मेर्सेन मूळ संख्येचा घातांक आहे १३,६२,७९,८४१, आणि ती लिहायला ४,१०,२४,३२० अंक लागतात. तेव्हा ज्ञात असलेल्यांत ती सर्वांत मोठी. अशा शोधामुळे बँकांचे व्यवहार सुरक्षित होतात, ही मात्र थाप. तिथे काही शे अंकी, गुपित मूळ संख्या लागतात. ही तर जगजाहीर.

तिचीही बेरीज तोंडी काढता येते. २ च्या घातांना ९ ने भागलं की बाक्या २, ४, ८, ७, ५, १ अशा फिरत राहतात. घातांकाला ६ ने भागून ५ उरतात, म्हणजे पाचवी बाकी ५. त्यातून १ गेला, उरले ४.

काकांना सांगितलं. "चार म्हणजे राहू," ते म्हणाले, "बरं झालं, ती सुचवली नाहीस."