स्लोव्हेनिया आणि स्लोव्हाकिया: एक व्हिएन्नाच्या छायेत वाढला, दुसरा बुडापेस्टच्या

पन्नास सेंटची दोन युरो नाणी शेजारी ठेवा. एका बाजूनं दोन्ही सारखीच, तोच युरोपचा नकाशा आणि तोच ५० चा आकडा. उलटवली की फरक दिसतो. एकावर त्रिग्लाव पर्वत आहे आणि त्याच्या वर कर्क राशीचे तारे. दुसऱ्यावर टेकडीवरचा चौकोनी किल्ला, चार कोपऱ्यांना चार बुरूज. पर्वताचं नाणं स्लोव्हेनियाचं, किल्ल्याचं स्लोव्हाकियाचं. कर्क रास अशासाठी, की २५ जून १९९१ रोजी स्लोव्हेनियानं स्वातंत्र्य जाहीर केलं तेव्हा पाश्चात्त्य गणनेनुसार सूर्य कर्क राशीत होता. (आपल्या पंचांगाप्रमाणे तो तेव्हा मिथुनेत असणार.) एका देशानं आपला जन्मक्षण नाण्यावर कोरला, दुसऱ्यानं आपल्या राजधानीचा किल्ला. दोन्ही निवडींमागे मोठा इतिहास आहे.

या दोन देशांत गोंधळ होतो यात नवल नाही. दोन्ही स्लाव्ह भाषा बोलणारे, दोन्ही पूर्वी मोठ्या कम्युनिस्ट संघराज्यांचे भाग (एक युगोस्लाव्हियाचा, दुसरा चेकोस्लोव्हाकियाचा), दोन्ही १ मे २००४ या एकाच दिवशी युरोपीय संघात आले. झेंडे पाहिले तर पांढरा, निळा, लाल हे आडवे पट्टे त्याच क्रमानं. १९९९ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या शर्यतीत असलेल्या जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी एका स्लोव्हाक पत्रकाराला सांगितलं होतं, की तुमच्या देशाबद्दल मला जे माहीत आहे ते तुमच्या परराष्ट्रमंत्र्यांकडून कळलं. प्रत्यक्षात ते ज्यांना भेटले होते ते स्लोव्हेनियाचे पंतप्रधान यानेझ द्रनोवशेक होते.

झेंड्यांचा प्रश्न लवकर सुटतो, कारण ढाल बघितली की पुरतं. स्लोव्हेनियाची ढाल लहान आणि वरच्या कोपऱ्याकडे. तिच्यावर त्रिग्लावची तीन शिखरं, खाली पाण्याच्या दोन लाटा आणि वर तीन सोनेरी तारे. स्लोव्हाकियाची ढाल मोठी आणि उंचीच्या मध्यावर. लाल रंगावर पांढरा दुहेरी क्रूस, तो तीन निळ्या डोंगरांवर उभा.

आता नकाशा. आल्प्स पर्वतरांग पूर्वेकडे उतरत जिथे संपत येते तिथे स्लोव्हेनिया आहे. शेजारी इटली, ऑस्ट्रिया, हंगेरी आणि क्रोएशिया. एड्रियाटिक समुद्राचा जेमतेम ४७ किलोमीटर किनारा त्याला लाभला आहे. क्षेत्रफळ सुमारे २० हजार चौरस किलोमीटर, लोकसंख्या २१ लाखांच्या आसपास, राजधानी ल्युब्लियाना. स्लोव्हाकिया कार्पेथियन पर्वतांतला, समुद्र नसलेला देश. क्षेत्रफळ ४९ हजार चौरस किलोमीटर, लोकसंख्या सुमारे ५४ लाख. त्याला चेकिया, पोलंड, युक्रेन, हंगेरी आणि ऑस्ट्रिया असे पाच शेजारी आहेत. डॅन्यूबकाठची त्याची राजधानी ब्रातिस्लाव्हा थेट ऑस्ट्रिया आणि हंगेरी या दोन्ही देशांच्या सीमेला टेकते. दोन परक्या देशांना भिडलेली अशी राष्ट्रीय राजधानी जगात दुसरी नाही. या दोन देशांची सीमा मात्र एकमेकांना कुठेच लागत नाही. मध्ये ऑस्ट्रिया आणि हंगेरी आहेत.

आणि माझ्या मते हे मधले दोन देशच या दोघांना वेगळं ओळखण्याची खरी किल्ली आहेत. शतकानुशतकं स्लोव्हेन लोक व्हिएन्नाकडे बघत जगले आणि स्लोव्हाक लोक हंगेरीच्या राजमुकुटाखाली. १५२६ नंतर दोन्हीकडे राजघराणं हॅब्सबर्गांचंच होतं, पण राज्यकारभार निराळा. १८६७ मध्ये साम्राज्याचे ऑस्ट्रिया आणि हंगेरी असे दोन भाग झाले, तेव्हा हा फरक लोकांच्या रोजच्या जगण्यात उतरला.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे दोन सांस्कृतिक संस्था. मार्टिन या गावी १८६३ मध्ये ‘मातित्सा स्लोव्हेन्स्का’ स्थापन झाली, ती स्लोव्हाकांची. पुढच्याच वर्षी ल्युब्लियानात ‘स्लोव्हेन्स्का मातित्सा’ निघाली, ती स्लोव्हेनांची. शब्द फक्त मागेपुढे झाले. काम एकच, आपल्या भाषेत पुस्तकं छापणं आणि आपली माणसं जोडणं. ऑस्ट्रियाच्या वाट्याला आलेली स्लोव्हेन संस्था त्या काळात चालू राहिली. हंगेरीच्या वाट्याला आलेली स्लोव्हाक संस्था सरकारनं १८७५ मध्ये बंद केली आणि तिची मालमत्ता ताब्यात घेतली. शाळांतून हंगेरियन भाषेची सक्ती वाढत गेली. स्लोव्हाक संस्था पुन्हा उभी राहिली ती १९१९ मध्ये, चेकोस्लोव्हाकिया झाल्यावर. हे वाचल्यापासून या दोन देशांची नावं माझ्या मनात कधी एकमेकांत मिसळली नाहीत.

भाषेचा प्रवासही असाच निराळा. प्रिमोझ त्रुबार या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकानं स्लोव्हेन भाषेतली पहिली छापील पुस्तकं १५५० मध्ये काढली. एक युरोच्या स्लोव्हेन नाण्यावर त्याचाच चेहरा आहे. दोन युरोच्या नाण्यावर फ्रान्त्से प्रेशेरेन, १९ व्या शतकातला कवी. त्याच्या एका कवितेचं सातवं कडवं आज राष्ट्रगीत आहे आणि त्याचा स्मृतिदिन, ८ फेब्रुवारी, सार्वजनिक सुट्टीचा दिवस. कवीच्या नावानं देशभर सुट्टी असावी ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. स्लोव्हाकांची आजची प्रमाणभाषा त्या मानानं तरुण. लुदोवित श्तूर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८४३ मध्ये मध्य स्लोव्हाकियातल्या बोलीवरून ती बांधायला घेतली. स्लोव्हाक राष्ट्रगीताचे शब्द १८४४ चे, तात्रा पर्वतांवर वीज चमकते आहे असं सांगणारे. चेकोस्लोव्हाकियाच्या राष्ट्रगीतात आधी चेक गीताचं एक कडवं आणि त्यामागोमाग हे स्लोव्हाक गीत गायलं जाई. देश विभागला तेव्हा ज्यानं त्यानं आपापला भाग घेतला.

स्वातंत्र्याची कहाणी मात्र दोघांची अगदी उलटी आहे. स्लोव्हेनियात लोकांना विचारलं गेलं. २३ डिसेंबर १९९० च्या सार्वमतात एकूण पात्र मतदारांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक लोकांनी युगोस्लाव्हियातून बाहेर पडण्याच्या बाजूनं कौल दिला. सहा महिन्यांनी घोषणा झाली आणि लगेच युगोस्लाव्ह सैन्य सीमेवरची ठाणी ताब्यात घ्यायला निघालं. लढाई दहा दिवस चालली. ७ जुलै १९९१ च्या ब्रिओनी करारानं ती थांबली आणि ऑक्टोबर संपायच्या आत शेवटचा युगोस्लाव्ह सैनिक निघून गेला. मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. क्रोएशिया आणि बोस्नियात पुढे जे घडलं ते पाहता स्लोव्हेनियाचं नशीब केवढं बलवत्तर होतं ते कळतं.

स्लोव्हाकियात एकही गोळी झाडली गेली नाही, पण लोकांना विचारलंही गेलं नाही. १९९२ च्या निवडणुकीनंतर चेक नेते व्हात्स्लाव क्लाउस आणि स्लोव्हाक नेते व्लादिमिर मेचिअर यांनी वाटाघाटी करून संघराज्य मोडायचं ठरवलं. सार्वमत झालंच नाही. तेव्हाच्या पाहण्यांत दोन्हीकडच्या बहुसंख्य लोकांना फाळणी नको होती. १ जानेवारी १९९३ रोजी दोन देश झाले. सामायिक मालमत्ता लोकसंख्येच्या हिशेबानं साधारण दोनास एक अशी वाटली. चलन सुरुवातीला एकच ठेवलं होतं, तेही फेब्रुवारीतच वेगळं झालं. नव्या नोटा छापून व्हायच्या होत्या, म्हणून जुन्या चेकोस्लोव्हाक नोटांवर तिकिटासारखा छोटा कागद चिकटवून त्या स्लोव्हाक नोटा म्हणून चालवल्या गेल्या. एवढं शांत विभाजन इतिहासात विरळाच. तरी सार्वमत न घेतल्याची रुखरुख मला त्या शांततेपेक्षा कमी महत्त्वाची वाटत नाही.

नाण्यावरच्या त्या किल्ल्याकडेही हाच इतिहास घेऊन जातो. तुर्कांनी हंगेरीचा मोठा मुलूख जिंकल्यावर हंगेरीच्या राज्याची राजधानी ब्रातिस्लाव्हाला आली. तेव्हा शहराचं जर्मन नाव प्रेसबुर्ग आणि हंगेरियन नाव पोझोनी. १५६३ ते १८३० या काळात हंगेरीचे राजे-राण्या इथल्या सेंट मार्टिन चर्चमध्ये अभिषिक्त झाले, १७४१ मध्ये मारिया थेरेसाही. चर्चच्या मनोऱ्याच्या टोकावर क्रूसाऐवजी हंगेरीच्या राजमुकुटाची सोनेरी प्रतिकृती आहे. किल्ला १८११ मध्ये जळाला आणि जवळपास दीडशे वर्षं पडक्या भिंतींच्या रूपात उभा होता. १९५० च्या दशकात तो पुन्हा बांधायला घेतला. म्हणजे स्लोव्हाकियाच्या नाण्यावर जी वास्तू आहे तिनं बराच काळ दुसऱ्याच राज्याचा दरबार पाहिला. स्लोव्हेनियाच्या दोन सेंटच्या नाण्यावरही अशीच एक गोष्ट आहे. कारिंथिया या जुन्या प्रांताच्या सरदारांना ज्या दगडावर स्लाव्ह विधींनी गादीवर बसवत, तो ‘राजपुत्राचा दगड’. तो आज ऑस्ट्रियात क्लागेनफुर्ट शहरात आहे.

निसर्गाकडे वळलं की स्लोव्हेनिया जमिनीखाली बघायचा देश आहे. चुनखडकाच्या या मुलखात पाणी खडक विरघळवत आत शिरतं. श्कोत्सियान इथे रेका नदी एका प्रचंड भुयारात गडप होते आणि ३५-४० किलोमीटर पुढे इटलीत समुद्राजवळ पुन्हा उगवते. त्सेर्कनित्सा नावाचं तळं पावसाळी दिवसांत मैलोन्‌मैल पसरतं आणि कोरड्या महिन्यांत तळातल्या विवरांतून निथळून गवताळ रान होतं. त्यावर लिहिलेल्या अभ्यासामुळे अभ्यासक यानेझ व्हाइकार्द वाल्वासोर १६८७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचा सदस्य निवडला गेला. पोस्तोयनाची गुहा २४ किलोमीटर लांब आहे आणि तिच्यात १८७२ पासून रूळ आहेत. आधी वाटाडे डबे हातानं ढकलत, आता विजेची छोटी रेल्वे धावते.

याच काळोखात प्रोटियस राहतो. वीतभर, कधी त्याहून लांब, माणसाच्या कातडीच्या रंगाचा हा उभयचर. मानेच्या दोन्ही बाजूंना लाल झालरीसारखे कल्ले, डोळे कातडीखाली मिटून गेलेले. वासानं आणि पाण्यातल्या हालचालींवरून तो भक्ष्य शोधतो. अन्नाशिवाय काही वर्षं तगू शकतो आणि शंभरीपर्यंत जगू शकतो. पुराच्या पाण्याबरोबर तो बाहेर वाहून आला की लोक त्याला जमिनीखालच्या ड्रॅगनचं पिल्लू समजत. ही समजूत वाल्वासोरनंच १६८९ मध्ये नोंदवून ठेवली.

स्लोव्हाकियातही गुहा आहेत, हंगेरीबरोबरच्या सामायिक गुहासमूहाला जागतिक वारशाचा दर्जा आहे. पण तिथल्या माणसानं जमिनीत जे खणलं ते जास्त महत्त्वाचं. क्रेम्नित्सात सोनं, बान्स्का श्टिआव्निट्सात चांदी, बान्स्का बिस्त्रित्सात तांबं. क्रेम्नित्साची टाकसाळ १३२८ पासूनची आणि अजून चालू आहे. स्लोव्हाक युरो नाणी तिथेच पडतात. श्टिआव्निट्साच्या खाणीत १६२७ मध्ये खडक फोडायला बंदुकीची दारू वापरली, जगातल्या अशा अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. खाणीत साठणारं पाणी उपसायला यंत्रं लागत आणि यंत्रं फिरवायला पुन्हा पाणीच लागे, म्हणून डोंगरात बंधारे घालून तळी बांधली. त्यांना ‘ताय्ख’ म्हणतात. आज उन्हाळ्यात लोक त्यांत पोहतात.

पर्वत दोघांनाही पूज्य. त्रिग्लाव २,८६४ मीटर उंच, आणि खऱ्या स्लोव्हेनानं आयुष्यात एकदा तरी तो चढावा असं तिथे मानतात. माथ्यावर धातूचा एक छोटा मनोरा आहे. याकोब अल्याझ या धर्मगुरूनं शिखरावरची जागा विकत घेऊन तो १८९५ मध्ये उभारला, जर्मनभाषक गिर्यारोहण संघटनांचा वरचष्मा वाढत असताना. स्लोव्हाकियाचं सर्वोच्च शिखर गेर्लाखोव्स्की, २,६५५ मीटर. पण लोकांचं प्रेम वाकड्या माथ्याच्या क्रिवानवर. १८४१ मध्ये श्तूर आपल्या सोबत्यांसह त्यावर चढला आणि तेव्हापासून ती चढाई राष्ट्रीय परंपरा झाली. एक, दोन आणि पाच सेंटच्या स्लोव्हाक नाण्यांवर क्रिवानच आहे. तात्रातल्या उंचावरच्या निवाऱ्यांना लागणारं सामान, अन्नधान्यापासून इंधनाच्या टाक्यांपर्यंत, आजही हमाल लाकडी चौकटीवर बांधून पाठीवर वाहून नेतात.

फिरायला जायचं तर ब्लेडच्या तळ्याची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात. बेटावरच्या चर्चला जाणाऱ्या ९९ पायऱ्या नवरदेवानं नवरीला उचलून चढायच्या अशी तिथली रीत. त्याहून मी सोचा नदीचं खोरं सुचवेन, जिथे १९१७ मध्ये कोबारिदची लढाई झाली आणि आज पाचूच्या रंगाचं पाणी वाहतं. स्लोव्हाकियात स्पिशचा किल्ला चुकवू नये, सुमारे चार हेक्टरांत पसरलेला. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा रेल्वेनं तासाभरावर, ल्युब्लियाना साधारण सहा तासांवर. दोन्ही देशांत शेंगेन व्हिसा आणि युरो चालतो, त्यामुळे एकाच प्रवासात दोन्ही होतात. फक्त मधल्या पट्ट्यात ऑस्ट्रिया किंवा हंगेरी ओलांडावा लागतो, हे तिकीट काढताना लक्षात ठेवा.