एआर पिस्तूल आणि एसबीआर: लोअर तोच, जन्मदाखला वेगळा
टेक्सासमधल्या कुठल्याही रेंजवर रविवारी सकाळी गेलात, तर शेजारशेजारच्या लेनमध्ये दोन आखूड एआर, म्हणजे एआर-१५ धाटणीच्या बंदुका, हमखास दिसतील. दोन्हींची नळी साडेदहा इंचांची, गोळी तीच, चापही तसाच. एकीच्या मागे खांद्याला टेकवायचा दस्ता, म्हणजे स्टॉक आहे. दुसरीच्या मागे नुसती बफर ट्यूब, म्हणजे उघडी धातूची नळी, किंवा फार तर मनगटाला पट्ट्याने बांधायचा ब्रेस. पहिली एसबीआर, शॉर्ट बॅरल्ड रायफल. दुसरी अमेरिकी कायद्याने पिस्तूल. पहिली नोंदणीविना सापडली तर दहा वर्षांपर्यंत तुरुंग. दुसरी दुकानात चौकशी पार पडली की बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी येते.

इथे नव्याने या छंदात आलेले मित्र विचारतात, ‘एसबीआरसाठी कुठला लोअर घेऊ?’ मी आधी उलट विचारतो, की तुला खरंच एसबीआर हवी आहे, की पिस्तुलानं भागेल? लोअरची, म्हणजे बंदुकीच्या खालच्या भागाची निवड या उत्तरावर ठरते. कंपनीचं नाव त्यानंतर.

एआर-१५ मधोमध दोन पिनांवर उघडते. वरचा भाग अपर: त्यात नळी आणि बोल्ट. खालचा भाग लोअर: त्यात चाप, मॅगझिनची खाच, मागे बफर ट्यूब. फेडरल कायद्याच्या नजरेत यातला लोअर तेवढा ‘बंदूक’ आहे. अनुक्रमांक त्याच्यावर असतो, आणि परवानाधारक दुकानात फॉर्म ४४७३ भरून घ्यावा लागतो तोही तोच. अपर फेडरल कायद्यानुसार साध्या सुट्या भागासारखा टपालानं मागवता येतो. म्हणून लोअरचा इतिहास जपायचा.

आता हा घोळ आला कुठून, ते पाहू. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टच्या मूळ मसुद्यात पिस्तुलांवरही बंधनं होती. लोक रायफल कापून पिस्तुलासारखी लपवतील, म्हणून आखूड रायफलीही यादीत घेतल्या. पुढे मसुद्यातून पिस्तुलं वगळली गेली, आखूड रायफली मात्र तशाच राहिल्या. रायफलींसाठी १६ इंचांची मर्यादा १९६० मध्ये सरसकट ठरली. त्याआधी ती १८ होती. रायफलीपासून बनवलेल्या बंदुकीची एकूण लांबी २६ इंचांच्या आत गेली तरी ती याच यादीत येते. एवढ्यासाठी आज तोच दहा इंची अपर दस्त्यासह नोंदणीच्या कक्षेत येतो आणि दस्त्याविना येत नाही. मला ही रचना तर्कशुद्ध वाटत नाही. पण कायदा आहे तोवर तो अक्षरशः पाळायचा, यावर माझा ठाम भर आहे.

जन्मदाखल्याचा मुद्दा नीट समजून घ्या. दुकानात नुसता लोअर घेता तेव्हा तो रायफलही नसतो, पिस्तूलही नसतो. फॉर्मवर तो ‘इतर’ या सदरात जातो, आणि म्हणूनच त्यासाठी वयाची अट १८ नव्हे, २१ आहे. तो प्रथम पिस्तूल म्हणून जोडला, तर पुढे १६ इंची नळी आणि दस्ता लावून रायफल करता येते, आणि परत पिस्तूलही. बंदुकांवर देखरेख करणाऱ्या एटीएफ या फेडरल खात्यानं २०११ मध्ये हे लेखी मान्य केलं. त्यामागे थॉम्पसन-सेंटर खटल्यातला १९९२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. उलटा प्रवास मात्र बंद. जो लोअर कारखान्यातून रायफल म्हणून बाहेर पडला, त्यावर आखूड अपर चढवला की दस्ता काढला असला तरी ती ‘रायफलीपासून बनवलेली’ बंदूक ठरते आणि नोंदणी लागते. म्हणून पिस्तुलाचा विचार असेल, तर जुन्या रायफलीचा लोअर वापरू नका, कोरा घ्या. एसबीआर करायची असेल तर रायफलीचा लोअरही चालतो, कारण नोंदणीचा अर्ज, म्हणजे फॉर्म १, मंजूर झाला की आधीचा इतिहास आड येत नाही. मंजुरी येईपर्यंत घरात फक्त रायफलीचा लोअर आणि शेजारी आखूड अपर, असा संसार मांडू नका.

फॉर्म १ म्हणजे स्वतः बनवण्याची परवानगी. बोटांचे ठसे, फोटो, स्थानिक पोलीस अधिकाऱ्याला प्रत, हे सगळं आलं. २०० डॉलरचा कर १९३४ पासून तसाच होता. १ जानेवारी २०२६ पासून एसबीआरसाठी तो शून्यावर आला. नोंदणी मात्र कायम आहे. ‘कर गेला म्हणजे कागद गेला’ असं समजणारे भेटतात, त्यांना मी थांबवून सांगतो.

आणि मग कोरीवकाम. कायद्याच्या भाषेत तुम्ही ‘निर्माते’ झालात, म्हणून तुमचं नाव, शहर आणि राज्य धातूवर कोरावं लागतं, किमान ०.००३ इंच खोल. अनुक्रमांक कारखान्याचाच चालतो. लेझर फिरला की काळं ॲनोडायझिंग निघतं आणि खालचं ॲल्युमिनियम चांदीसारखं चमकतं; ती अक्षरं पुसता येत नाहीत. माझा पहिला लोअर मी मॅगझिनच्या खाचेवर मोठं चिन्ह बघून हौसेनं घेतला होता, आणि नाव कोरायला सपाट जागाच उरली नव्हती. शेवटी चापाच्या वरच्या अरुंद पट्टीत बसवलं. तेव्हापासून एसबीआरसाठी साध्या, कोऱ्या अंगाचा लोअर सुचवतो. त्यावर कॅलिबर, म्हणजे गोळीचं माप, ‘मल्टी’ (अनेक) असं लिहिलेलं असेल तर उत्तम. फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) की बिलेट (ठोकळ्यातून कापलेला), या वादात फार अडकू नका. ७०७५-टी६ ॲल्युमिनियमचा साधा फोर्ज्ड लोअर पिढ्यान्‌पिढ्या पुरतो.

रोजच्या वापरातले फरकही आहेत. पिस्तूल घेऊन दुसऱ्या राज्यात जायला फेडरल परवानगी लागत नाही. एसबीआरला आधी एटीएफची मंजुरी लागते. एसबीआरला पुढे उभी मूठ लावता येते. २६ इंचांहून आखूड पिस्तुलाला ती लावली की नोंदणीच्या आणखी वेगळ्या वर्गात गेलात. ब्रेसचं २०२३ चं कडक नियमपत्र टेक्सासच्या फेडरल न्यायालयानं जून २०२४ मध्ये रद्द केलं. तरी माझं मत असं, की खांद्याला लावूनच झाडायची असेल तर सरळ फॉर्म १ भरा. तेही नको असेल, तर साडेचौदा इंची नळीच्या तोंडाशी मझल डिव्हाइस, म्हणजे तोंडावर बसणारा जोडभाग, कायमचं वेल्ड करून १६ इंच भरवतात. ती साधी रायफल.

आपल्या मंडळींसाठी दोन गोष्टी. एच-१बी व्हिसावर असताना बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं सर्वसाधारणपणे फेडरल गुन्हा आहे. शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारूनच. ग्रीन कार्डधारक घेऊ शकतो. आणि एडिसन किंवा सॅन होजेला राहत असाल, तर न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात सामान्य नागरिकाला एसबीआरची मुभाच नाही, आणि एआर पिस्तुलावरही राज्याचे स्वतंत्र कडक निर्बंध आहेत. टेक्सासमधल्या भावाची नोंदणीकृत एसबीआर सुट्टीत तिकडे नेता येणार नाही.