कोंबडी, सिप्रो आणि एक बदललेलं अक्षर

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोमचे) रुग्ण वाढू लागले. संशय आधी पाण्यावर गेला, मग कोंबडीवर. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा जंतू सापडला आणि एरवी फक्त सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकात भेटणारं हे नाव पुण्यात घराघरांत पोचलं. जीबीएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती चुकून नसांवर उठते. जंतू औषधाला दाद देतो की नाही, हा तिथला प्रश्न नव्हे. पण याच जंतूचा दुसरा एक पराक्रम आहे, औषधाला दाद न देण्याचा, आणि त्याची चर्चा त्या गदारोळात झालीच नाही.

कोंबडीचा विषय निघाला की हार्मोनच्या इंजेक्शनची कथा येतेच. दहा हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये एकेकाला धरून टोचत कोण बसणार? ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जातो तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवड पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे. काळजीची गोष्ट इंजेक्शनात नाही, पिण्याच्या पाण्यात आहे.

शेडमध्ये ई. कोलाय या दुसऱ्या जंतूची साथ आली, पक्षी घरघरू लागले, की एन्रोफ्लॉक्सासिन नावाचं औषध पाण्याच्या टाकीत टाकतात. आजारी पक्षी थोडे, पण औषध सगळ्यांना. त्यातही आजारी पक्षी पाणी कमी पितो, म्हणजे ज्याला हवं त्यालाच अर्धवट मिळतं. या औषधाचा काही भाग कोंबडीच्या शरीरात सिप्रोफ्लॉक्सासिन होतो. हो, तीच सिप्रो, जुलाब झाले की आपण मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणतो ती. कॅम्पिलोबॅक्टर या भांडणात कुठेच नसतो. कोंबडीचं शरीर ४१-४२ अंश सेल्सिअसला असतं, ते त्याला मानवतं आणि सहसा तो तिला आजारीही पाडत नाही. औषध दुसऱ्यासाठी असतं. फटका याला बसतो.

आता माझा आवडता भाग. या जंतूचा डीएनए सुमारे १६ लाख अक्षरांचा, सरळ ताणला तर अर्ध्या मिलिमीटरहून जास्त लांब. जंतू स्वतः जेमतेम दोन-चार मायक्रोमीटरचा. एवढा धागा आत कोंबायचा तर त्याला पीळ घालावा लागतो. शिवाय नक्कल करताना किंवा जनुक वाचताना दोन पदर सुटत जातात तसा पुढच्या भागात ताण साठतो. ओली चादर दोघं दोन टोकांनी पिळतात तेव्हा मधेच गाठीगाठी होतात, तसंच. हा ताण सोडवणारं प्रथिन म्हणजे डीएनए गायरेज. ते डीएनएचे दोन्ही पदर चक्क कापतं, कापलेली टोकं स्वतःला रासायनिक बंधाने जखडून धरतं, त्या फटीतून डीएनएचाच दुसरा भाग पलीकडे काढतं आणि टोकं पुन्हा सांधतं. यात जरा चूक झाली तर गुणसूत्राचे तुकडे! तरी जंतू हा खेळ सतत खेळत असतो.

सिप्रो नेमकी कापलेल्या अवस्थेत त्या फटीत पाचर मारते. टोकं सांधली जात नाहीत, डीएनए तुटतो, जंतू मरतो. ही पाचर टिकते ती एका मॅग्नेशियम आयनाच्या आणि पाण्याच्या काही रेणूंच्या आधारावर. हा आधार गायरेजच्या काही ठरावीक अमिनो आम्लांना, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या मण्यांना, धरून असतो. कॅम्पिलोबॅक्टरमध्ये त्यातली महत्त्वाची जागा ८६ क्रमांकाची. तिथे थ्रिओनिन असतं आणि त्याच्या अंगावर हायड्रॉक्सिल गट असतो. डीएनएत या जागेच्या ‘एसीए’ या तीन अक्षरांचं ‘एटीए’ झालं की थ्रिओनिनच्या जागी आयसोल्युसिन येतं. त्याला हायड्रॉक्सिल नाही, म्हणजे पाण्याला धरायला काही नाही. पाचर सैल पडते. १६ लाखांतलं एक अक्षर बदललं, औषध निकामी!

ई. कोलायला एवढं स्वस्तात जमत नाही. त्याच्याकडे टोपोआयसोमरेज-४ नावाचं दुसरं प्रथिनही असतं आणि सिप्रो त्यालाही पकडते, म्हणून चांगला प्रतिकार यायला एकाहून अधिक बदल लागतात. कॅम्पिलोबॅक्टरकडे ते दुसरं प्रथिनच नाही. कोंबडीच्या आतड्यातल्या एका ग्रॅम ऐवजात हे जंतू कोट्यवधी असू शकतात. असा एखादा बदललेला जंतू तिथे औषधाआधीच हजर असतो. औषध फक्त त्याच्या शेजाऱ्यांना हटवतं.

मग औषध थांबवलं की जुने दिवस परत येतील? सहसा प्रतिकार जंतूला महागात पडतो, अशी समजूत होती. २००५ साली अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातल्या चीजिंग झांग यांच्या गटाने दाखवलं की कोंबड्यांत औषधाचा थेंब नसतानाही हे प्रतिकारी जंतू साध्या जंतूंना मागे टाकू शकतात. सगळ्याच वाणांत तसं होत नाही, पण होतं. त्याच वर्षी अमेरिकेने कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिन बंद केलं, तरी माणसांतलं प्रतिकाराचं प्रमाण खाली आलं नाही. ऑस्ट्रेलियाने तर खाद्यप्राण्यांत ही औषधं कधी येऊच दिली नाहीत; तिथल्या कोंबड्यांतही प्रतिकारी वाण सापडले, आणि ते माणसांकडून किंवा रानपक्ष्यांकडून आले असावेत असा संशोधकांचा कयास आहे. ‘आम्ही गावरानच खातो’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. अंगणात चरणाऱ्या कोंबडीच्या पोटातही कॅम्पिलोबॅक्टर सुखाने नांदतो.

शिजवलं की प्रतिकारी जंतूही इतरांसारखाच मरतो. मांस आतपर्यंत ७० अंशांच्या वर गेलं की विषय संपला. घोटाळा होतो तो त्याआधी. दुकानात पिसं काढायच्या एकाच ड्रममधून दिवसभर पक्षी जातात, मग त्याच ओंडक्यावर तोच सुरा चालतो. घरी आपण ते नळाखाली खळखळून धुतो आणि शिंतोडे शेजारच्या कोशिंबिरीच्या काकडीवर. १९८१ साली रॉबिन्सन नावाच्या संशोधकाने दुधातून अवघे ५०० जंतू स्वतः पिऊन पाहिले. तेवढ्यावर तो आजारी पडला. त्यामुळे धुऊ नका, काकडी आधी चिरून झाकून ठेवा, आणि त्यातूनही पोट बिघडलंच तर बहुतेकांना ओआरएस आणि आठवडाभराची विश्रांती पुरते. खरोखर औषध लागलंच तर डॉक्टर आता बहुधा सिप्रो नाही, ॲझिथ्रोमायसिन लिहून देतात.