डिझेल इंजिन : कौटुंबिक मोटारीसाठी निवड (गोवा)

कुटुंबासाठी मोटार घेताना पेट्रोलऐवजी डिझेल इंजिन निवडावे की नाही, हे साधारणपणे इंधनाचा दर, वर्षभरात होणारे किलोमीटर, मोटारीची किंमत आणि प्रदूषणविषयक नियम यांवरून ठरवले जाते. गोव्यापुरते बोलायचे तर २०२० नंतर या सर्वांपेक्षा मोटार एका दमात किती लांब धावते, याला अधिक महत्त्व आले आहे. शेजारच्या ताळगावहून पणजीत कामाला जाणारे आणि दूरच्या पेडण्याहून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत रोज ये-जा करणारे कुटुंब एकच मोटार घेत असले, तरी दोघांसाठी योग्य इंजिन एकच असेल असे नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच फवारलेले इंधन पेट घेते. जर्मन अभियंता रूडोल्फ डिझेल याने या तत्त्वावरचे यशस्वी इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे चालवून दाखवले. अधिक दाबामुळे इंधनातील ऊर्जेचा जास्त वाटा कामी येतो. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे दहा ते पंधरा टक्के अधिक ऊर्जा असते. डिझेल गाडी ‘अ‍ॅव्हरेज’ चांगले देते, यामागे ही दोन कारणे आहेत. मात्र हा दाब सोसण्यासाठी इंजिन जड व मजबूत बांधावे लागते आणि टर्बो (सिलिंडरमध्ये जादा हवा ढकलणारे यंत्र), उच्चदाबाचा पंप व इंधन फवारणारे बारीक छिद्रांचे इंजेक्टर यांमुळे ते महागही होते.

भारतात डिझेल मोटारींना खरा बहर आला तो दरांतील तफावतीमुळे. पेट्रोलचा दर जून २०१० मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाला, डिझेलचा मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत बांधलेला राहिला. मधल्या चार वर्षांत देशभर लहान हॅचबॅक मोटारीही डिझेलवर घेतल्या गेल्या. गोव्यात चित्र वेगळे होते. एप्रिल २०१२ पासून मनोहर पर्रीकर सरकारने पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर जवळजवळ संपवला, पेट्रोल लिटरमागे सुमारे अकरा रुपयांनी उतरले आणि डिझेलचे आकर्षण येथे शेजारच्या महाराष्ट्र-कर्नाटकापेक्षा कमी झाले. पुढे हा कर टप्प्याटप्प्याने पुन्हा वाढला. तरीही दराच्या बळावर घेतलेला निर्णय एका अर्थसंकल्पाने उलटू शकतो, हे गोव्याच्या अनुभवातून दिसते आणि आजच्या ग्राहकानेही ते ध्यानात ठेवावे.

हिशेब मांडून पाहणे अवघड नाही. उदाहरणादाखल पेट्रोल ९७ रुपये व डिझेल ८९ रुपये लिटर धरले आणि एकाच मोटारीचे पेट्रोल इंजिन लिटरला १५ व डिझेल इंजिन १९ किलोमीटर जाते असे मानले, तर किलोमीटरमागे खर्च अनुक्रमे सुमारे ६.४७ आणि ४.६८ रुपये येतो, म्हणजे बचत पावणेदोन रुपयांच्या आसपास होते. डिझेल मोटारीसाठी सव्वा लाख रुपये अधिक मोजले असतील, तर ते भरून निघण्यास सुमारे ७०,००० किलोमीटर लागतात. महिन्याला ८०० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला त्यासाठी सात वर्षांहून अधिक काळ लागेल, तर २,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला तीन वर्षेही लागणार नाहीत. देखभालीचा वाढीव खर्च यात धरलेला नाही. दुसऱ्या बाजूला, आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच असते, हेही तुलना करताना विसरू नये.

या हिशेबात न दिसणारी बाब म्हणजे धुराड्यातील काजळीची गाळणी. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराबाबतचे भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि डिझेल मोटारींना अशी गाळणी आवश्यक ठरली. मारुती सुझुकीने त्याच वेळी डिझेल मोटारी बनवणे थांबवले, कारण लहान इंजिनावर ही यंत्रणा बसवण्याचा खर्च ग्राहकाला परवडला नसता. ‘डीपीएफ’ या नावाने ओळखली जाणारी ही गाळणी काजळी साठवते आणि ठरावीक प्रमाणात भरली की ती सुमारे सहाशे अंश सेल्सिअसला जाळून टाकते. त्यासाठी इंजिन पूर्ण तापलेले असावे लागते आणि गाडी पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालावी लागते. पणजी, म्हापसा किंवा मडगाव शहरातच चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या, मुलांना शाळेत सोडून बाजार करून परतणाऱ्या गाडीला ही संधी मिळत नाही. जळण्याची क्रिया अर्ध्यावर तुटत राहिली, की त्यासाठी फवारलेले जादा डिझेल इंजिन-ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि ऑइल मोजण्याच्या डिपस्टिकवरची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. डॅशबोर्डवर इशारा दिसताच राष्ट्रीय महामार्ग ६६ वर अखंड फेरी मारणे हा त्यावर सोपा उपाय आहे, परंतु जिला दर पंधरवड्याला अशी फेरी द्यावी लागते ती मोटार मुळात त्या कुटुंबासाठी नव्हती, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. ही यंत्रणा काढून टाकण्याचा सल्ला काही गॅरेजांत दिला जातो. तो बेकायदेशीर आहे आणि आरोग्याला घातकही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातला आहे.

घाटात मात्र डिझेलचे गुण निर्विवाद दिसतात. दीड लिटरचे टर्बो-डिझेल इंजिन मिनिटाला दीड हजार फेऱ्यांपासूनच चाक फिरवण्याचा सुमारे २५० न्यूटन-मीटर जोर (टॉर्क) देते. तेवढ्याच आकाराचे टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन १४५ च्या आसपास राहते आणि तेही चार-साडेचार हजार फेऱ्यांवर. साखळी-केरीहून चोर्ला घाट चढून बेळगावला खरेदीसाठी किंवा दवाखान्यासाठी जाणारी, मोलेवरून अनमोडने वर चढणारी, आंबोलीमार्गे कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला निघणारी सात माणसांची भरलेली गाडी हा फरक प्रत्येक वळणावर दाखवते. वातानुकूलन चालू असूनही गिअर वारंवार उतरवावा लागत नाही.

पावसाळ्यात दोन दक्षता घ्याव्यात. दमट हवेमुळे अर्ध्या रिकाम्या टाकीत पाणी धरते. ते इंजेक्टरपर्यंत पोहोचू नये म्हणून फिल्टरखालचे पाणी वेळोवेळी काढावे. तुंबलेल्या रस्त्यावर हवेच्या मार्गातून पाणी सिलिंडरमध्ये शिरल्यास ते दाबले जात नाही आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी म्हणूनच पुन्हा चालू करून पाहू नये.

जुनी डिझेल मोटार घेताना इंजिन थंड असतानाच, म्हणजे सकाळी मालकाने ते तापवून ठेवण्याआधी, चालू करून पाहावे. वेग वाढवताना निघणारा काळा धूर हवा-इंधनाच्या बिघाडाचा, निळा धूर ऑइल जळत असल्याचा, आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर बहुधा न जळलेल्या इंधनाचा किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) गळतीचा असतो. चालू इंजिनावर ऑइलचे झाकण सैल केल्यास जोराने वाफा बाहेर आल्या, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत असे समजावे. इंजेक्टर किंवा टर्बो बदलण्याचा खर्च काही हजारांत आटोपत नाही, तेव्हा सर्व्हिसची नोंदवही नसलेली गाडी स्वस्त मिळाली तरी टाळावी.