बार्मेनचा जाहीरनामा (१९३४)

हिटलरच्या जर्मनीत प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या (म्हणजे चर्चच्या) प्रतिनिधींनी २९ ते ३१ मे १९३४ ला वुपर्टाल शहरातल्या बार्मेन भागात, गेमार्के चर्चमध्ये बसून सहा कलमांचं एक निवेदन पास केलं, तोच हा जाहीरनामा. शेवटचा भरवसा देवावर, सरकारवर नाही, हे विसाव्या शतकात इतक्या स्पष्टपणे क्वचितच कुणी लिहून ठेवलंय.

मूळ विचार फार जुना. बायबलमधलं १४६ वं स्तोत्र सांगतं की अधिपतींवर भरवसा ठेवू नका, माणसाचा श्वास गेला की तो मातीला मिळतो आणि त्याच दिवशी त्याचे बेतही संपतात. एवढं सगळ्यांना पाठ असतं, पण पुढच्या ओळी राहून जातात, ज्यात देव गांजलेल्यांना न्याय देतो, भुकेल्यांना अन्न देतो, परक्यांना, अनाथांना, विधवांना सांभाळतो. म्हणजे सरकारचं काय व्हायचं ते होऊ दे, आपण प्रार्थना करत बसू, असं ते स्तोत्र म्हणतच नाही.

जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर झाला आणि युद्ध हरलेल्या, बेकारीने पिचलेल्या कित्येक भाविकांना खरंच वाटलं की देवानेच हा माणूस पाठवलाय. 'जर्मन ख्रिश्चन' नावाचा नाझीधार्जिणा गट जुलैमधली चर्चची निवडणूक जिंकला, त्यांचा लुडविग म्युलर राइशचा (म्हणजे साऱ्या जर्मनीचा) बिशप झाला, ज्यू वंशाच्या पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) काढायचे नियम आले, आणि नोव्हेंबरात बर्लिनच्या स्पोर्टपालास्टमधल्या सभेत तर जुना करार, म्हणजे बायबलचा ज्यूंकडून आलेला पहिला भागच, फेकून द्या अशी मागणी झाली. तिथे मात्र बऱ्याच जणांचे डोळे उघडले.

जाहीरनाम्याचा मसुदा मुख्यतः स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थचा, सोबत हान्स आस्मुसेन आणि थॉमस ब्राइट. पहिलं कलम म्हणतं की मंडळीने ऐकायचं ते येशू ख्रिस्ताचं, त्याच्या जोडीला दुसरी कुठलीही सत्ता किंवा घटना देवाचा शब्द म्हणून मानायची नाही. पाचवं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याची सुरुवात 'देवाचे भय धरा; राजाचा मान राखा' या बायबलमधल्या वचनाने होते, म्हणजे भय देवाचं आणि राजाला फक्त मान. न्याय आणि शांतता राखणं हे देवानेच सरकारला दिलेलं काम आहे असं ते मानतं, पण माणसाच्या अख्ख्या आयुष्याची एकमेव व्यवस्था व्हायला सरकार निघालं तर ते चूक, आणि चर्चने सरकारी खातं होणंही तेवढंच चूक.

किंमत चुकवावी लागली. बार्थने हिटलरच्या निष्ठेची बिनशर्त शपथ घ्यायला नकार दिला, १९३५ ला त्याची प्राध्यापकी गेली आणि तो स्वित्झर्लंडला बासेलला गेला. मार्टिन निमोलर हा पाळक जुलै १९३७ ला पकडला गेला तो १९४५ पर्यंत आधी तुरुंगात आणि मग छळछावणीतच होता. पाउल श्नायडर हा पाळक १९३९ ला बुखेनवाल्डच्या छळछावणीत मारला गेला.

तरी सगळेच असे ठाम राहिले नाहीत, १९३८ ला शपथेचा आग्रह झाला तेव्हा याच बाजूच्या कित्येक पाळकांनी ती घेतली. त्याहून मोठी उणीव म्हणजे सहाही कलमांत ज्यूंबद्दल एक शब्द नाही, चर्चच्या स्वातंत्र्यासाठी भांडणारी माणसं शेजाऱ्यासाठी गप्प राहिली आणि हे वाचताना आजही त्रास होतो. बार्थने स्वतः १९६७ मध्ये एका पत्रात मान्य केलं की तो प्रश्न निदान आपण तरी ठामपणे मांडायला हवा होता.

ही उणीव भरून काढणारा दस्तऐवज दक्षिण आफ्रिकेतून आला. तिथल्या डच रिफॉर्म्ड मिशन चर्चने वर्णभेदी राजवटीत १९८२ ला मसुदा करून १९८६ ला बेल्हारची कबुली (म्हणजे श्रद्धेचं जाहीर निवेदन; बेल्हार हा केप टाउनचा एक भाग) स्वीकारली. बार्मेनचीच धाटणी, पण इथे देव दीनांच्या आणि अन्याय झालेल्यांच्या बाजूने उभा आहे, तेव्हा मंडळीनेही तिथेच उभं राहायचं, असं स्पष्ट लिहिलंय. १९९४ ला हे चर्च आणि कृष्णवर्णीयांचं डच रिफॉर्म्ड चर्च इन आफ्रिका याच कबुलीच्या पायावर एकत्र आले.