जुन्या स्पोर्ट्स कारमधील नव्या इंजिनाचे वायरिंग

जुन्या स्पोर्ट्स कारचे मूळ इंजिन उतरवून तिथे नंतरच्या काळातले, ईसीएमवर (इंजिन चालवणाऱ्या संगणकावर) चालणारे इंजिन बसवले की गाडीची आणि इंजिनाची अशा दोन विद्युतव्यवस्था एकत्र नांदवाव्या लागतात. हे वायरिंग म्हणजे तेच काम. कार्ब्युरेटर, ठिणगीचे यांत्रिक पॉइंट आणि डायनामो असलेल्या गाडीत इंजिनाकडे मोजक्याच तारा जातात. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, इंजिनाच्या ईसीएमला मात्र क्रँक सेन्सर, इंजेक्टर, थ्रॉटल, ऑक्सिजन सेन्सर आणि पंप यांची डझनावारी जोडण्या लागतात आणि त्यातली एक चुकली तरी इंजिन धरत नाही.

सातारा-सांगली पट्ट्यात लोखंडकामाची परंपरा जुनी आहे. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, १९२२ मध्ये साताऱ्यात कूपरचा उद्योग सुरू झाला. माउंटिंग किंवा गिअरबॉक्सची अडॅप्टर प्लेट लेथवर करून घेणे इथे कठीण नाही. गाडी अडते ती वायरिंगपाशी.

कामाचा पाया एका निर्णयावर ठरतो. ज्या गाडीचे इंजिन घेतले तिचे संपूर्ण वायरिंग, ईसीएम, फ्यूजबॉक्स आणि चावी सोबत घ्यावी आणि त्यातून नको त्या तारा कमी करत यावे. जुन्या वायरिंगला एकेक तार जोडत नवे इंजिन चालवायला जाणे हा उलटा रस्ता आहे. त्यात पैसा वाचल्यासारखा वाटतो, पण दोष शोधायला महिने जातात. दिवे, हॉर्न, वायपर जुन्या वायरिंगवरच राहू द्यावेत. दोन्ही व्यवस्था भेटाव्यात त्या ठरावीक जागी: बॅटरी, इग्निशन स्विच, सेल्फ, चार्जिंगचा दिवा आणि मीटर.

इग्निशन स्विचची एक खोड ठाऊक हवी. जुन्या स्विचवरच्या काही जोडण्या सेल्फ मारताना बंद पडतात. ईसीएमचा पुरवठा तिथून घेतला तर सेल्फ फिरतो, इंजिन मात्र चावी सोडताना जेमतेम ठसकते, आणि लोक प्लग व पंप बदलत बसतात. पुरवठा अशा टोकावरून घ्यावा जे चावी चालू असताना आणि सेल्फ फिरत असतानाही जिवंत असते.

सर्वांत जास्त त्रास अर्थिंगचा, म्हणजे बॅटरीचे एक टोक बॉडीला जोडून प्रवाहाला परतीची वाट देण्याचा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला असे. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये ही पद्धत १९६७ पर्यंत होती. अशा गाडीला आधी ऋण अर्थवर आणावे लागते, नाहीतर ईसीएम पहिल्याच क्षणी जळतो. भारतीय सॅन स्टॉर्मसारख्या फायबरग्लासच्या गाडीत तर बॉडीतून अर्थ मिळतच नाही. तो जाड तारेने चॅसिस आणि इंजिनपर्यंत न्यावा लागतो. सेन्सरांचा अर्थ बॉडीला देऊ नये, तो ईसीएमकडेच परत जातो. मिस्त्री सवयीने जवळच्या बोल्टला तार आवळतो आणि मग तापमानाचे आकडे हेडलाइट लावल्यावर बदलतात.

कार्ब्युरेटरला पेट्रोल अगदी कमी दाबाने लागते, इंजेक्शनला बहुधा तीन बारच्या आसपास. म्हणून विजेवरचा पंप येतो. त्याचा रिले (विजेवर चालणारा स्विच) ईसीएमच्या ताब्यात ठेवावा, म्हणजे अपघातात इंजिन बंद पडले की पंपही थांबतो. पंप थेट चावीवर जोडणे हा जुगाड आगीला आमंत्रण आहे. डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला की डॅशबोर्डवरचा जुना अँमीटरही बाजूला करावा, कारण सगळा प्रवाह त्यातून जातो आणि नव्या अल्टरनेटरचा भार त्याला झेपत नाही. त्या जागी व्होल्टमीटर बरा. टॅकोमीटर पूर्वी कॉइलवरून इशारा घेई. आता ईसीएमची वेगळी तार वापरावी लागते. तापमानाच्या जुन्या काट्यासाठी जुना सेन्सर नव्याशेजारी बसवतात, तेच सोपे.

इंजिन जितके नवे तितकी गुंतागुंत वाढते. इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी चोरीरोधक यंत्रणा) असेल तर चावी आणि ईसीएम ही जोडी फोडता येत नाही. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर पेडलही त्याच गाडीचे लागते. गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी ज्यावर बोलतात त्या कॅन-बसच्या दोन तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध असतो, त्यामुळे बॅटरी काढून मल्टिमीटर लावला की साधारण ६० ओहम दिसावेत. ब्रेकचा एबीएस किंवा दिवे-दरवाजे सांभाळणारा बॉडी कंट्रोलर या तारांवर सापडला नाही की काही ईसीएम इंजिनाची ताकद मुद्दाम कमी करतात. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ इंजिनांच्या वाटेला म्हणूनच न गेलेले बरे. अमेरिकेत माझदा एमएक्स-५ मध्ये शेवरोलेचे एलएस इंजिन घालणाऱ्यांनाही असाच धडा मिळतो: आधीच्या एलएसचा ईसीएम क्रँकवरचे २४ दात्यांचे चक्र वाचतो, नंतरचा ५८ दात्यांचे. जोडी विजोड झाली तर ठिणगीच पडत नाही.

सांगलीत इंजिन विकत घेताना एक चौकशी करावीच. कृष्णेच्या २००५ आणि २०१९ च्या पुरात अनेक गाड्या पाण्याखाली होत्या. पुरातले इंजिन धुऊन-पुसून चालते, पण कपलरच्या (तारा जोडणाऱ्या प्लगच्या) आत हिरवा थर चढत राहतो. असे वायरिंग फुकट मिळाले तरी घेऊ नये. साताऱ्याकडची कसोटी वेगळी. वाईहून पसरणी घाट चढून महाबळेश्वरला सुमारे १,३७० मीटरवर गेले की कार्ब्युरेटरच्या गाडीला पेट्रोल जास्त पडते. ईसीएम हवेचा दाब मोजून ते आपोआप जुळवतो. मात्र घाटात हळू चालताना एक्झॉस्ट तापतो, म्हणून तारा त्यापासून लांब, उष्णतारोधक नळीतून न्याव्यात. महाबळेश्वरच्या पावसासाठी ईसीएम केबिनमध्ये, तोही पायापासून उंचावर ठेवावा.

पहिल्यांदा वीज देताना मुख्य फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब लावतात. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लखलखतो आणि तार वाचते.

कायद्याची बाजू कामाआधीच पाहावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. इंजिन क्रमांक आरसीवर असतो, त्यामुळे सातारा (एमएच-११), सांगली (एमएच-१०) किंवा कराड (एमएच-५०) येथील परिवहन कार्यालयाशी इंजिन उतरवण्यापूर्वीच बोलावे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी तपासली जाते, आणि क्रमांक जुळला नाही तर तिथेच अडकते.